बुकशेल्फ स्पीकरचा खरज जातो कुठे?

पाच-सहा इंची वूफरच्या डब्यातून बेस निघतच नाही, हा समज इतका पक्का झालाय की आधी आकडे मांडलेले बरे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्झवर असतो. त्याच्या तंबोऱ्याची खरजाची तार बरोबर त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झला लागते. बऱ्यापैकी बुकशेल्फ स्पीकर 55-60 हर्ट्झपर्यंत नेटका वाजतो. म्हणजे ख्यालाच्या मैफलीतलं जवळपास सगळं या डब्याच्या आवाक्यात आहे. तरी घरी आणल्यावर तंबोरा पोकळ वाटतो, डग्गा घुमत नाही आणि माणूस मोठा स्पीकर शोधायला निघतो. तो खरज बहुतेक वेळा डब्यातून बाहेर पडलेला असतो. पुढे त्याचं काय होतं ते खोली ठरवते, आणि खोलीकडे कोणी बघत नाही.

छोट्या डब्याला मर्यादा नाहीत असं मात्र नाही. 1957 साली सुरू झालेल्या ‘केएलएच’ या अमेरिकन कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. डबा छोटा, बेस खोल आणि कमी पॉवरमध्ये मोठा आवाज, या तिन्हीपैकी दोनच एका वेळी मिळतात, हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम. तो आजवर कोणालाही चुकवता आलेला नाही, जाहिरातींनी कितीही आव आणला तरी. त्याच पातळीचा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर वूफरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. 80 हर्ट्झला दोन मिलिमीटर हलणाऱ्या पडद्याला 40 हर्ट्झसाठी आठ मिलिमीटर हलावं लागेल, आणि पाच इंची वूफरची तेवढी धाव सहसा नसते.

म्हणूनच ‘वॅट वाढवले की बेस वाढतो’ हे अर्धसत्य आहे. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. पडद्याची धाव संपलेली असेल तर तेवढाही वाढत नाही, नुसता फाटतो. खोक्यावर छापलेले हजारो वॅटचे ‘पीएमपीओ’ आकडे तर सरळ विसरावेत. त्यामागे कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही.

या मर्यादेतही किती साधता येतं, याचं उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीचा ‘एलएस 3/5ए’. 1970च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसावा म्हणून तो बनवला. वूफर पाच इंची, डबा जेमतेम पाच लिटरचा. अगदी खालचे सूर त्यात नाहीतच, पण त्यांच्या किंचित वरचा पट्टा थोडा उचललेला आहे आणि उरलेलं काम कान करतो. टेलिफोनच्या जुन्या लाइनवरून 300 हर्ट्झच्या खालचं काहीच जात नसे, तरी पलीकडून बोलणाऱ्या वडिलांचा आवाज भारदस्तच वाटायचा. वरचे स्वरांश ऐकून मेंदू तळाचा सूर स्वतःच भरून काढतो.

आता खोलीकडे वळू. समजा, हॉल सोळा बाय दहाचा आहे, स्पीकर एका आखूड भिंतीशी आणि सोफा समोरच्या भिंतीकडे. सोळा फुटांच्या लांबीत 35 आणि 70 हर्ट्झच्या लाटा भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. त्यातली 70ची लाट दोन्ही भिंतींशी आणि खोलीच्या मधोमध फुगते आणि प्रत्येक भिंतीपासून चार फुटांवर जवळपास नाहीशी होते. कान मागच्या भिंतीपासून चार फुटांवर असतील, तर काळी एकचा खरज नेमका तिथेच बुडतो. सोफा भिंतीला टेकवलात तर तोच खरज इतका सुजतो की तानांवर चिखल बसतो. दोन फूट पुढे आणलात तर सहसा बरा मार्ग निघतो.

हे पडताळायला मापनयंत्र लागत नाही. फोनवरचं तंबोऱ्याचं ॲप काळी एकला लावा, ॲम्पला जोडा आणि खोलीभर सावकाश फिरा. खरज कुठे अंगावर येतो आणि कुठे तार आहे पण तिचा तळ गेलेला आहे, हे दोन मिनिटांत कळतं. असा खड्डा इक्वलायझरने भरायला जाऊ नका. 6 डेसिबल चढवायला चौपट पॉवर लागते, वूफरचा जीव जातो आणि खड्डा तसाच राहतो. फुगवटा मात्र इक्वलायझरने खुशाल छाटावा.

‘स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे घ्या’ हा सल्ला तर मंत्रासारखा दिला जातो. पण भिंत आणि वूफर यांच्यात तीन फूट अंतर असेल, तर मागून परतणारा आवाज 94 हर्ट्झच्या आसपास समोरच्या आवाजाला खोडतो. म्हणजे नेमकं डग्ग्याचं वजन जातं. मोठ्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरला हा सल्ला मानवत असेल. आपल्याकडच्या हॉलमध्ये छोटे स्पीकर भिंतीच्या जवळ नेले की त्यांना भिंतीचा आधार मिळतो आणि बेस फुकटात वाढतो. कोपऱ्यात तर तो जरुरीपेक्षा जास्तच वाढतो.

यावर हमखास हरकत येते, ‘पण याला पोर्ट मागे आहे!’ असू दे. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. भोक पुढे आहे की मागे, याने तिला फरक पडत नाही. हवा खेळायला तीन-चार इंच जागा ठेवली की पुरे. भिंतीजवळ बेस वाढतो तो भिंतीमुळे, आणि तो पुढे पोर्ट असलेल्या किंवा अजिबात पोर्ट नसलेल्या स्पीकरचाही वाढतो. फारच घुमायला लागला तर पोर्टमध्ये फोमचा बोळा किंवा गुंडाळलेला मोजा घालून बघा. टीव्ही युनिटच्या खणात कोंबलेल्या स्पीकरचं मात्र काही खरं नाही. तिथे खणच वाजतो आणि वरची काच थरथरते.

परदेशी सल्ले ऐकताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे पातळ बोर्ड. त्यांतून बेस बाहेर झिरपतो. विटांच्या भिंती आणि वर-खाली सिमेंटचा स्लॅब असलेल्या आपल्या फ्लॅटमध्ये तो आतच फिरत राहतो. त्यामुळे आपली अडचण बेस कमी असण्याची क्वचित असते. तो इथे साचतो, तिथे आटतो. भिंतीवर इंचभर फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून हे सुटत नाही. त्याने वरचे सूर मंदावतात, बेसला पत्ताही लागत नाही. त्याला शोषायचं तर कोपऱ्यांत जाडजूड रॉकवूल उभं करावं लागतं, आणि त्यासाठी घरातल्यांची परवानगी लागते.

वायरीबद्दल दोनच वाक्यं पुरतील. इलेक्ट्रिशियनच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर तीन मीटर लांब असली, तर जाऊन-येऊन तिचा रोध 0.07 ओहम भरतो, आणि आठ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. हजारो रुपयांच्या केबलने बेस वाढल्याचं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि विषय बदलावा.

त्या वायरी जोडल्यात कशा, हे मात्र सगळ्यात आधी तपासायला हवं. एका स्पीकरचा लाल-काळा उलटा झाला की एक वूफर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि बेस एकमेकांत जिरून जातो. कित्येक घरांत कपाट हलवताना किंवा रंगकामानंतर हे होऊन बसतं, आणि पुढची वर्षं ‘स्पीकर पातळ आहेत’ म्हणत निघतात. खूण सोपी आहे. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांची जुनी तबकडी लावा. ती मोनो असते, त्यामुळे आवाज दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे. तो डोक्याभोवती पसरून दिशाहीन वाटला, तर एकाच बाजूच्या वायरी अदलाबदल करा. त्या तबकड्यांत बेस जवळपास नसतो, म्हणून बेसची परीक्षा नंतर एखाद्या अलीकडच्या ध्वनिमुद्रणावर घ्यावी.

एवढं करूनही पखवाज किंवा चित्रपटसंगीतातली बेस गिटार अपुरी वाटली, तर सबवूफर घ्यावा. तो म्हणजे मिरवणुकीतल्या डीजेची घरगुती आवृत्ती, हा समज चुकीच्या आवाजावर लावलेल्या सबवूफरांनी पसरवलाय. 80 हर्ट्झच्या खालचं काम त्याच्याकडे सोपवलं आणि स्पीकरकडे ते जाऊच दिलं नाही, तर छोट्या वूफरची धाव वाचते आणि गळाही स्वच्छ ऐकू येतो. जागा शोधायची युक्ती हास्यास्पद दिसते, पण चालते. सबवूफर सोफ्यावर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, तंबोरा लावायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे खरज सगळ्यात एकसारखा ऐकू येईल, ती त्याची जागा. खालच्या मजल्यावरच्यांसाठी त्याखाली रबरी पॅड जरूर घाला. जमिनीतून जाणारा कंप त्याने कमी होतो, हवेतून जाणारा नाही.

आणि आवाज मुळातच कमी ठेवला असेल, तर दोष ना स्पीकरचा ना खोलीचा. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवलं, की हळू आवाजात कानाला खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा फारच कमी ऐकू येतात. जुन्या ॲम्प्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्यासाठीच होतं. शुद्धतावादी त्याला नाकं मुरडतात. रात्री सगळे झोपल्यावर मालकंस ऐकायचा असेल तर ते बिनधास्त दाबावं, आणि बटण नसेल तर बेसचा नॉब थोडा वर घ्यावा. नव्या ॲम्पवर ‘डायरेक्ट’ चालू असेल तर हे नॉब कामच करत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या.