सातपुड्यात पायी फिरायचंय? मग गाईड हवाच

इंदूर : पावसाळा सरला की इंदूरकरांचे पाय सातपुड्याकडे वळतात. बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत जिप्सीतून खाली पाय ठेवायलाही मनाई असते. १९८१ साली घोषित झालेल्या सातपुडा राष्ट्रीय उद्यानात मात्र काही ठरावीक वाटांवर पायी फिरता येतं. अट एकच : वनखात्याची परवानगी आणि सोबत गाईड.

का? तर इथे अस्वलं आहेत. वारुळ उकरणारं अस्वल अचानक समोर आलं, तर पळून सुटका नाही. गाईड ताजे ठसे, उकरलेली माती, वानरांचा इशारा ओळखतो आणि वेळीच वाट बदलतो.

इंदूरहून एका दिवसात जाऊन-येऊन हे जमत नाही. आदल्या रात्री पचमढी किंवा मढईला मुक्काम करा. पैसे वाचवायचेच तर मुक्कामात वाचवा, गाईडमध्ये नको.