ट्रिगर ‘छान लागतो’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण पटकन लिहून टाकतो, ‘अमुक गोष्टीत सुधारणा करणे’. सुधारणा झाली हे कशावरून ठरवणार? मला हा प्रश्न लॅबमध्ये नाही, शूटिंग रेंजवर नीट कळला.

१० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ट्रिगर ओढताना बोटाने रायफल जराशी जरी ढकलली तरी छर्रा बाहेर. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन लागतं, एअर रायफलला अशी खालची मर्यादाच नाही. म्हटलं, मग करा की कमी! स्प्रिंग सैल केली, काट्यावर आकडा उतरला, मी खूश. शॉट मात्र पूर्वीसारखेच विखुरलेले.

वजन मोजायला सोपं, म्हणून मी तेच मोजलं होतं. काटा दाखवतो तो फक्त सगळ्यांत मोठ्या बलाचा आकडा. बोटाला कळतो अख्खा प्रवास. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये आधी हलकी ओढ, मग भिंतीसारखा अडथळा, आणि तिथे किंचित बल वाढवलं की सुटका. आतमध्ये सिअर नावाचा बारीकसा भाग ताणलेल्या यंत्रणेला अडवून धरतो आणि धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरतात. स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं हे आपण अकरावीत पाठ केलेलं. पृष्ठभाग खरबरीत किंवा मळलेला असेल, तर ट्रिगर अडकत-सुटत सरकतो, आणि शॉट नेमका कधी सुटेल याचा अंदाजच येत नाही. म्हणजे आडव्या अक्षावर ट्रिगरचं सरकणं आणि उभ्या अक्षावर बल, असा आलेख हवा. काट्यावर दोन्ही ट्रिगर १०० ग्रॅमचे, पण आलेख अगदी वेगळे, असं खुशाल होऊ शकतं.

एक मोह मात्र टाळा. सिअरची पकड कमी केली की ट्रिगर एकदम मस्त वाटतो, पण मग नुसत्या धक्क्यानेही रायफल सुटू शकते. तिथे कानस लावायची नाही, ते काम जाणकार आर्मररचं. बाहेरचे स्क्रूसुद्धा रायफल रिकामी आहे हे स्वतः तपासूनच, एका वेळी एक, आणि किती वळसा दिला ते वहीत लिहून.

शेवटी मित्राला सांगितलं, तू सेटिंग बदल, पण मला सांगू नकोस. मी नुसतं ड्राय फायर करून गुण देत गेलो. जे सेटिंग मी महिनाभर सगळ्यांना ‘लय भारी’ म्हणून सांगत होतो, ते मला ओळखताच आलं नाही! वहीत ‘वजन’ या एका रकान्याचे तेव्हापासून चार झालेत: पहिल्या टप्प्याचं बल, सुटतानाचं बल, भिंतीनंतरचं सरकणं आणि सुटल्यावर ट्रिगर किती मागे जातो ते.