सॉसेजमध्ये मांस किती, मीठ किती?

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये चिकन सॉसेज, सलामी, हॅम, बेकन आता सहज दिसतात. सकाळच्या घाईत दोन सॉसेज तव्यावर परतली, पावात घातली, वर सॉस ओतला की मुलांचा डबा तयार. निदान प्रथिने तरी पोटात जातात, असे समाधानही त्यामागे असते. हे समाधान कितपत खरे, ते पाहायचे तर सॉसेजशेजारी एक उकडलेले अंडे ठेवावे.

अमेरिकेत हॉट डॉगमध्ये घालतात ते गोमांसाचे साधे सॉसेज सुमारे ४५ ग्रॅमचे असते. त्यातून १५० च्या आसपास उष्मांक मिळतात आणि प्रथिने मिळतात जेमतेम ५ ग्रॅम. चरबी मात्र १३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के उष्मांक चरबीचेच. सोडियम सुमारे ५०० मिलिग्रॅम. उकडलेल्या एका अंड्यात प्रथिने ६ ग्रॅम, चरबी ५ ग्रॅम, उष्मांक ७५ ते ८० आणि सोडियम ६०-७० मिलिग्रॅम. सॉसेजमध्ये लोह, जस्त आणि बी-१२ जीवनसत्त्व असते हे खरे. पण ते साध्या मांसातही असते, त्यासाठी सॉसेजच हवे असे नाही. चिकन सॉसेजमध्ये चरबी थोडी कमी असते. मिठाच्या बाबतीत मात्र ते फारसे सौम्य नसते.

सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा हिशेब लागतो. ५०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सव्वा ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे. म्हणजे एका सॉसेजमध्ये पाव दिवसाचे मीठ संपले. पाव, केचप, चीज यांचे अजून मोजायचे आहे. लहान मुलांची मर्यादा तर याहून कमी. लोणचे, पापड आणि फरसाण ज्या घरात रोजचे आहे, तिथे ही भर आधीच भरलेल्या भांड्यात पडते.

इतके मीठ केवळ चवीसाठी नसते. बारीक केलेले मांस, चरबी आणि बर्फाचे पाणी एकत्र घुसळून सॉसेजचे मिश्रण करतात. मिठामुळे मांसातले मायोसिन हे प्रथिन सुटून बाहेर येते आणि चरबीच्या कणांना व पाण्याला धरून ठेवते. शिजल्यावर हीच जाळी घट्ट होते आणि चावताना सॉसेज लवचिक लागते. मीठ फार कमी केले तर चरबी आणि पाणी सुटते, सॉसेज भुसभुशीत होते. त्यामुळे मीठ घटवणे कारखान्यांना सोपे नाही. अमेरिकी नियमांनुसार हॉट डॉगमध्ये ३० टक्क्यांपर्यंत चरबी चालते. चरबी आणि वरून घातलेले पाणी मिळून ४० टक्क्यांपर्यंत. मांसाच्या भावात पाणी विकत घेण्याचा हा प्रकार ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही.

गुलाबी रंगाची गोष्ट वेगळी. शिजवलेले मांस खरे तर करडे-तपकिरी दिसते. सॉसेज आणि हॅम गुलाबी राहतात ते सोडियम नायट्राइटमुळे. या रसायनाला सरसकट खलनायक ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. १८२० च्या सुमारास युस्टिनुस केर्नर या जर्मन डॉक्टरने (तो कवीही होता) सॉसेज खाऊन लोक लुळे पडून मरतात त्या विषबाधेचा बारकाईने अभ्यास केला. या आजाराचे बोट्युलिझम हे नावच मुळी सॉसेजसाठीच्या ‘बोटुलस’ या लॅटिन शब्दावरून आले. हे विष तयार करणाऱ्या जिवाणूची वाढ नायट्राइट रोखते. अडचण पुढे आहे. पोटात किंवा कडक आचेवर तळताना नायट्राइटपासून नायट्रोसमाइन ही संयुगे तयार होऊ शकतात आणि त्यांतली अनेक कर्करोगकारक आहेत. म्हणूनच उत्पादक त्यात क जीवनसत्त्वाशी संबंधित संयुगे घालतात. त्यामुळे ही प्रक्रिया मंदावते, पूर्ण थांबत नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले आणि जगभर मथळे झळकले. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. दोन्हींमुळे कर्करोग होतो एवढे पक्के, पण सॉसेज सिगारेटइतके घातक आहे असा त्याचा अर्थ नाही. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक सॉसेज. ज्या समाजात आयुष्यभरात शंभरातल्या सहा जणांना हा आजार होतो, तिथे सगळ्यांनीच रोज सॉसेज खाल्ले तर सहाचे सुमारे सात होतील. महिन्यातून एकदा खाणाऱ्याने झोप उडवून घ्यावी असा हा आकडा नाही. रोज डब्यात देण्यासारखाही नाही. चिकनचे सॉसेजही संस्थेच्या व्याख्येत बसते, मात्र पुरावा मुख्यतः डुक्कर आणि गायीच्या मांसाविषयीचा आहे.

पाकिटाच्या मागे घटकांच्या यादीत ‘२५०’ हा क्रमांक दिसला की ते सोडियम नायट्राइट. परदेशी पाकिटांवर कधी कधी ‘वरून नायट्राइट घातलेले नाही’ असे छापलेले असते. त्यातल्या बऱ्याच मालात सेलरीच्या पाल्याची पूड असते आणि तिच्यातल्या नायट्रेटपासून तेच नायट्राइट बनते. सोडियमचा आकडा बहुधा १०० ग्रॅमसाठीचा असतो, एका सॉसेजसाठीचा नव्हे, हेही पाहावे. अगदी लहान मुलांना गोल चकत्या देऊ नयेत, त्या घशात अडकतात. सॉसेज आधी उभे चिरून मग बारीक तुकडे करावेत.

गोव्याचे चोरिसही याच कुटुंबातले. डुकराचे मांस मीठ, व्हिनेगर, लाल मिरची आणि लसूण लावून मुरवतात, आतड्यात भरतात, उन्हात किंवा धुरावर सुकवतात. पावसाळ्याची ही बेगमी. मीठ आणि धूर दोन्ही असल्याने व्याख्येतून त्यांची सुटका नाही. मात्र घरच्या रीतीत माळेतले थोडेच मणी काढून भरपूर कांदा-बटाट्यात शिजवतात, आणि तेवढ्यात सगळ्या घराची भाजी होते. भाजीला चव त्यांचीच येते, पण प्रत्येकाच्या ताटात मांसाचे दोन-तीन तुकडे पडतात. आणि चोरिस मुळातच खारट असल्याने वरून मीठ घालावे लागत नाही.