हप्ता, भाडे आणि साडेअठरा लाखांची रेषा

गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या सदनिकेचा हिशेब महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत बहुधा खरेदीची किंमत आणि विक्रीची अपेक्षित किंमत एवढ्या दोनच आकड्यांवर मांडला जातो; मधल्या वर्षांत बँक, सरकार आणि महापालिका यांच्या हाती जे पडते, ते त्या हिशेबात क्वचितच उतरते.

उदाहरणादाखल पुण्यातील ८० लाख रुपयांची तयार सदनिका घेता येईल. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे आणि त्या मूल्यात मुद्रांक शुल्क व नोंदणी फी धरली जात नाही, त्यामुळे ६४ लाखांचे कर्ज मिळाले तरी उरलेले १६ लाख, ७ टक्के दराने ५ लाख ६० हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांची नोंदणी फी, म्हणजे जवळजवळ २२ लाख रुपये, खरेदीदाराला स्वतःच्या खिशातून उभे करावे लागतात. (बांधकाम चालू असलेल्या घरावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर तो लागत नाही.) साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे ५५ हजार ५०० रुपये येतो, आणि पहिल्या वर्षी भरलेल्या हप्त्यांपैकी ५ लाख ३९ हजारांच्या आसपास रक्कम निव्वळ व्याजापोटी जाते. भाडे मात्र, किमतीच्या ३ टक्के धरले तर, महिना २० हजारच.

या भाड्यावरील कराची आकारणी समजून घेण्यासारखी आहे. वर्षाच्या २ लाख ४० हजारांतून भरलेला मिळकतकर, समजा १५ हजार, आधी वजा होतो. उरलेल्या रकमेच्या ३० टक्के इतकी वजावट प्रत्यक्ष दुरुस्ती झालेली असो वा नसो, सरसकट मिळते. आणि मग राहिलेल्या १ लाख ५७ हजार ५०० रुपयांतून कर्जाचे व्याज वजा केल्यावर ३ लाख ८१ हजारांच्या पुढचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत यापैकी २ लाखांपर्यंतचा तोटा त्याच वर्षीच्या पगारातून वजा करता येतो आणि उरलेला पुढील ८ वर्षे घरभाड्याच्या उत्पन्नासमोर मांडता येतो, म्हणून ‘कर्ज काढा, कर वाचवा’ हा बिल्डरच्या कचेरीतला सल्ला एकेकाळी अगदीच निराधार नव्हता. २०२३-२४ पासून मात्र नवी प्रणालीच मूळ पर्याय ठरली, आणि तिच्यात घराचा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही.

याचा अर्थ असा की, नव्या प्रणालीतील या खरेदीदाराला वर्षाच्या १ लाख ५७ हजार ५०० रुपयांपर्यंतच्याच व्याजाचा तात्काळ लाभ होतो, आणि साडेआठ टक्क्यांनी एवढे व्याज साधारण साडेअठरा लाखांच्या कर्जावर होते; त्यापुढचे पंचेचाळीस लाख तो पूर्ण दराने वाहतो. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नसल्यामुळे, हाती आलेला बोनस किंवा मुदत संपलेली ठेव या पंचेचाळीस लाखांकडे वळवणे हाच इथला सर्वांत किफायतशीर व्यवहार ठरतो, मग कर्ज लांबवण्याचा सल्ला कोणीही देवो.

विक्रीच्या वेळचा कर २०२४ मध्ये बदलला. २४ महिन्यांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या नफ्यावर आता १२.५ टक्के कर लागतो, परंतु खरेदीची किंमत महागाईच्या प्रमाणात वाढवून धरण्याची सोय, म्हणजेच इंडेक्सेशन, गेली. २३ जुलै २०२४ पूर्वी घर घेतलेल्या निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना तेवढा जुन्या पद्धतीने २० टक्क्यांचा पर्याय उरला आहे. दर कमी झाला म्हणून या बदलाचे स्वागत झाले खरे, पण वरील सदनिका दहा वर्षांनी १ कोटी २० लाखांना विकली गेली, तर शुल्कासह सुमारे ८६ लाखांच्या खर्चावर ती वर्षाला जेमतेम साडेतीन टक्के वाढलेली असते, आणि महागाईने खाऊन टाकलेल्या त्या वाढीवरही सव्वाचार लाखांहून अधिक कर द्यावा लागतो. तो नफा विक्रीनंतर २ वर्षांत दुसऱ्या निवासी घराच्या खरेदीत गुंतवल्यास सूट मिळते. मात्र ते नवे घर ३ वर्षांच्या आत विकले, तर वाचलेला कर त्या विक्रीच्या हिशेबात परत येतो.