आमची लेक, शेवटून पहिली!

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुट्टी म्हटली की आपल्याकडे मामाचं गाव, आंबे, पत्त्यांचे डाव आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया! मी राहते तिथे, म्हणजे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच समजा), सुट्टीचा सगळा थाट असतो तो वस्तीतल्या पोहण्याच्या तलावावर. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या शनिवार-रविवारी तलाव उघडतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालतात. बाकी आठ-नऊ महिने त्यांना टाळं!

आपल्या गल्लीचं जसं गणपतीचं मंडळ, तसं इथे तलावाचं मंडळ. आजूबाजूची घरं वर्गणी भरून तलाव चालवतात आणि बहुतेक तलावांचा स्वतःचा मुलांचा संघ असतो. अशाच काही तलावांनी 1958 साली एकत्र येऊन लीग सुरू केली. आज तिच्यात नव्वदच्या आसपास संघ आहेत. ताकद बघून सहा-सहा संघांचे गट करतात, म्हणजे कमजोर संघाची गाठ कमजोराशीच पडते. जून-जुलैत पाच शनिवारी सकाळी सामने असतात. त्यात संघातली वेगवान मुलं उतरतात. पण बुधवारी संध्याकाळी आणखी एक सामना असतो, बाकीच्या सगळ्या मुलांचा. त्याला 'बी मीट' म्हणतात. मला आज सांगायचंय ते या बुधवारबद्दल.

2023 सालच्या उन्हाळ्यात आमची लेक सात वर्षांची होती. वर्गातली मैत्रीण संघात, म्हणून हिचाही हट्ट, "आई, मला टीममध्ये जायचंय!" संघात घ्यायला निवड चाचणी वगैरे काही नव्हती. अट एकच, तलावाची एक लांबी, म्हणजे 25 मीटर, कुणाच्या आधाराशिवाय पार करता आली पाहिजे. तोपर्यंत छोट्यांच्या गटात शिकायचं. लेकीला जेमतेम निम्मं अंतर यायचं, मग हात आपोआप दोरीकडे! आणि तिला शिकवणार कोण? मला तर गुडघाभर पाण्यातसुद्धा धडकी भरते.

तसं माझं माहेर कराडचं. कृष्णा-कोयनेच्या संगमाचं गाव. सुट्टीत भाऊ आणि चुलतभाऊ मळ्यातल्या विहिरीवर जायचे. पाठीला सुका भोपळा नाहीतर डबा बांधून शिकायचे आणि पंधरा दिवसांत भोपळा सोडून मुटके मारायला लागायचे. आम्ही बहिणी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो. आम्हाला कुणी 'नको' म्हटल्याचंही आठवत नाही. आम्हीही उतरावं, हे कुणाला सुचलंच नाही, आम्हालाही नाही.

त्या वर्षी सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. साताऱ्याजवळचं खेडं, अंगावर नऊवारी. नातीचा पोहण्याचा पोशाख बघून त्या काय म्हणतील, याची मला धास्ती. लेकीने तर तो घालून त्यांच्यासमोर गिरकीच घेतली! त्यांनी वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "घट्ट हाय ते ब्येस. लुगडं पाण्यात फुगतं आन् बाईला खाली वढतं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्या लहानपणी त्यांची जिवाभावाची मैत्रीण नदीवर धुणं धुताना घसरली. काठावर सात-आठ बाया होत्या. "समद्याजणी वरडलो गं. पर एकीला बी पवता येत न्हवतं. गडीमाणसं रानात. येईपर्यंत सपलं हुतं."

मी गप्पच झाले. पाणी भरायचं बाईनं, धुणी धुवायची बाईनं, भांडी घासायची तिनंच, गुरांना नदीवर न्यायचंही बऱ्याचदा तिनंच. पाण्याशी उभा जन्म तिचा संबंध आणि पोहायला मात्र शिकायचं भावानं! "घाल तिला," सासूबाई म्हणाल्या. आमच्या घरात त्या विषयावर पुन्हा चर्चा झाली नाही.

इथल्या शाळा जूनच्या मध्याला संपतात. तोवर सराव संध्याकाळी, नंतर भल्या सकाळी. पाणी असं गार की मुलांचे ओठ निळे! मुख्य कोचच्या हाताखाली शिकवणारी बहुतेक कॉलेजची पोरं-पोरी, याच तलावात लहानाची मोठी झालेली. शिवाय प्रत्येक छोट्याला संघातली एक ताई किंवा दादा वाटून दिलेला. आमच्या लेकीची ताई पंधरा वर्षांची होती. ती रोज सरावानंतर दहा मिनिटं पाण्यात उभी राहून हिला आधी नुसतं पाठीवर तरंगायला शिकवायची. "पोट वर, कान पाण्यात, आकाशाकडे बघ," एवढंच. तीन आठवड्यांत लेक कशीबशी 25 मीटर पाठीवर पार करू लागली आणि तिचं नाव बुधवारच्या यादीत लागलं.

बी मीट म्हणजे जत्राच! प्रत्येक मुलाच्या दंडावर मार्करने आकडे लिहितात. कितवी शर्यत, कितवी तुकडी, कोणती रांग. नंबर येईल तशी छोटी मुलं बाकावर ओळीने बसवतात. मधल्या वेळात जेलीची कोरडी पूड बोटाने चाटणं चालू. 'ताकद येते' म्हणे! आणि पालकांनी नुसतं बघत बसायचं नाही. प्रत्येक घरानं काही तरी काम करायचंच. कुणी नोंदी लिहितं, कुणी खाऊच्या टेबलावर, कुणी नियम शिकून पंच होतं. मला स्टॉपवॉच दिलं. एका रांगेला तीन घड्याळं असतात आणि तिन्हींतली मधली वेळ धरतात. म्हणजे कुणाचं बोट जरा इकडे-तिकडे झालं, तरी मुलाचं नुकसान नाही. मला ही पद्धत फार आवडली.

लेकीची पाठीवरची शर्यत सुरू झाली. मी दोन रांगा सोडून घड्याळ घेऊन उभी. बाकीच्या पाचजणी पोचल्या, टॉवेल गुंडाळून बसल्यासुद्धा! आमची मध्यावर, दोरीला हात लावून इकडे-तिकडे बघत. सबंध तलावात ती एकटी. माझ्या पोटात गोळा आला. आता रडणार, बाहेर येणार आणि पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही! तेवढ्यात तिची ताई काठाने तिच्या बरोबरीने चालायला लागली. मग आणखी दोघी. मग समोरच्या संघाचे पालकही टाळ्या वाजवून ओरडायला लागले. लेकीने दोरी सोडली, पोट वर केलं आणि निघाली. वेळ, एक मिनिट चार सेकंद.

बाहेर येऊन ओलीचिंब माझ्या कमरेला मिठी मारून म्हणते, "आई, मी शेवटून पहिली आले!"

कोचने तिला जवळ बोलावून कागदावरचा आकडा दाखवला. म्हणाली, "हा तुझा पहिला आकडा. पुढच्या बुधवारी याला हरवायचं. बाकी कुणाला नाही." त्या कागदाने आमच्या घराचा उन्हाळा बदलला. फ्रिजवर तो लावला आणि दर बुधवारी त्याच्याखाली नवा आकडा. पंचावन्न सेकंद. मग एकोणपन्नास. एकदा छातीवरच्या पोहण्यात, म्हणजे ब्रेस्टस्ट्रोकमध्ये, शेवटी भिंतीला एकच हात लागला. नियम असा की दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत. पंचांनी हात वर केला, शर्यत बाद! लेक रडली. आजीने पदराने डोळे पुसून विचारलं, "पुढच्या खेपंला किती हात?" "दोन!" झालं.

इथे सगळंच सोन्यासारखं आहे असं मात्र समजू नका. मुलगा दुसरा आला म्हणून गाडीत बसेपर्यंत त्याला बोलणारे बापही मी पाहिले आहेत. पण बुधवारी त्यांचा आवाज जरा कमीच असतो.

आणि याच लीगमधून कोण पुढे आलं माहितेय? केटी लेडेकी! 2003 साली, सहा वर्षांची असताना, ती याच काउंटीतल्या पॅलिसेड्स तलावाच्या उन्हाळी संघात दाखल झाली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी तिने 800 मीटरचं सुवर्णपदक जिंकलं आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर तिच्याकडे नऊ सुवर्णपदकं आहेत. आमची लेक लेडेकी होणार नाही, तिला त्याचं काही नाही आणि मलाही नाही. पण हजारो साध्या मुलांना पाण्यात उतरवणारी जागा असते, तेव्हाच त्यातून एखादी लेडेकी निघते.

या तलावांची एक काळी बाजूही मला इथे राहून कळली. हे तलाव बांधले गेले तेव्हा सगळ्यांना तिथे प्रवेश होता असं नाही. याच काउंटीत व्हीटन-हेवन नावाच्या तलावाच्या मंडळाने 1968 साली, शेजारीच घर घेतलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाला सभासदत्वाचा अर्जही दिला नाही. का, तर फक्त रंग! प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1973 साली सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने त्या मंडळाच्या विरोधात निकाल दिला. मी हे सासूबाईंना सांगितलं, तशा त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजी आपल्या चवदार तळ्यावानीच की!" खरंच की. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतलं, तोही हक्काचाच प्रश्न होता. पाण्याशी कुणी जायचं आणि कुणी काठावर राहायचं, हे कुणी तरी ठरवून ठेवलेलं असतं. इथे रंगावरून, तिथे जातीवरून आणि दोन्हीकडे थोडं फार बाई असण्यावरून.

जुलैच्या शेवटच्या बुधवारी लेकीची वेळ आली बेचाळीस सेकंद. दोरीला एकदाही हात नाही. सहाजणींत पाचवी. "आता मी शेवटून दुसरी!" म्हणून तिने आजीला टाळी दिली. आणि त्याच ऑगस्टमध्ये मी मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. एकोणचाळीसाव्या वर्षी भिंत धरून पाय मारायला शिकले. आज मी पाठीवर तरंगते. वेग विचारू नका!

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठला आलाय असला तलाव आणि कुठली लीग? काही ठिकाणी नगरपालिकेचा तलाव आहे. तिथे बायकांची वेगळी वेळ आहे का, बाई शिकवायला आहे का, हे चौघी-पाचजणींनी मिळून जाऊन विचारा. नसेल तर मागा. एकटीचं 'बघू' म्हणून टोलवतात, पाचजणींचं तसं टोलवता येत नाही. विहिरीवर भाऊ शिकत असेल तर तोच भोपळा बहिणीच्या पाठीलाही बांधा. मात्र पक्कं पोहणारं मोठं माणूस सोबत असल्याशिवाय कुणीच उतरायचं नाही. पोरीला पहिल्यांदा शर्यत नको, सूर नको. आधी पाठीवर तरंगायला शिकवा, कारण घाबरलेल्या जिवाला श्वास घ्यायला उसंत मिळते ती तरंगल्यावर. आणि मुलं पाण्यात असताना मोबाइल पिशवीत. बुडणारं माणूस नेहमी ओरडतंच असं नाही, बऱ्याचदा गुपचूप खाली जातं.

आणखी एक. कुणी बुडताना दिसलं, तर माया कितीही दाटून आली तरी पोहता न येणाऱ्या बाईने मागे उडी मारू नये. हाका मारा, दोर फेका, लांब काठी द्या, रिकामी घट्ट झाकणाची कळशी किंवा कॅन फेका. काहीच नसेल तर काठावर पालथं पडून साडीचं टोक फेका. दर उन्हाळ्यात एकीला वाचवायला दुसरी आणि दुसरीला वाचवायला तिसरी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगभरात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली. त्यात पाच वर्षांखालच्या पोरांचा वाटा फार मोठा.

सासूबाई परत गावी गेल्या. फोनवर सांगत होत्या, शेजारच्या दोन पोरींच्या आयांना त्यांनी पटवलंय. यंदा सुट्टी लागली की त्या पोरी मळ्यातल्या विहिरीत उतरणार, मामा शिकवणार. एकीच्या आजोबांचा विरोध आहे. "मग?" मी विचारलं.

"मग काय! म्हातारीच काठावर बसणार हाय मी. बगू कोण अडवतंय."