बारावी झाली, आता स्वमग्न मुलाने घरीच बसायचे काय?

बारावीचा निकाल लागला की पनवेलमध्ये कॉलेज प्रवेशाची धावपळ सुरू होते. या गर्दीत स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेले मूल आम्हाला क्वचितच दिसते. मूल हुशार नसते म्हणून असे होत नाही. जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेऊन ते बारावी पास होते आणि मग घरचेच म्हणतात, 'एवढे शिकला, पुष्कळ झाले.' 'एवढे पुरे' हे आमच्या आजा-पणजांनाही ऐकवले गेले होते. त्याची चीड ज्यांना आहे, त्यांनी तेच वाक्य आपल्या लेकराला ऐकवावे काय?

पालकांची भीती खोटी नाही. शाळेत एक वर्ग, एक बाक, ओळखीच्या बाई असतात. कॉलेजात दर तासाला खोली बदलते, लेक्चर न सांगता रद्द होते, कॅन्टीनमध्ये कल्लोळ असतो. ज्या मुलाला अचानक झालेला बदल आणि मोठा आवाज सोसत नाही, त्याला हे जड जाणारच. पण म्हणून मुलाने घरी बसायचे, की कॉलेजने थोडे बदलायचे? 1946 साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची अडचण पाहून संस्थेने वेळापत्रक आखले. कायदा आज हेच मागतो.

1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमची दखल घेतली, पण कॉलेजातली जागा दिली नाही. ती दिली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 ने. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्यात 21 प्रकारांत ऑटिझम आहे. कलम 32 नुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना किमान 5 टक्के जागा आणि वयात 5 वर्षांची सवलत आहे. विनाअनुदानित कॉलेजेही पूर्ण मोकळी नाहीत. कलम 16 मान्यताप्राप्त संस्थांनाही लागू होते आणि विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायला सांगते.

आपल्या वस्त्यांतील पालकांना एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. दिव्यांग आरक्षण समांतर असते. 1992 च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. म्हणून जातीचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र, दोन्ही जोडा. एक वापरले म्हणून दुसरे सोडावे लागत नाही.

प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि तपासणी सरकारी वैद्यकीय मंडळापुढे होते. त्यात वेळ जातो, म्हणून निकालाची वाट न पाहता अकरावीतच अर्ज करा. जुने प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदत पाहा. 40 टक्के भरले नाहीत, तरी सोयी मागता येतात. 11 फेब्रुवारी 2021 च्या विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट मानली नाही आणि सोय गरज पाहून द्यावी असे बजावले.

सोयी म्हणजे काय? परीक्षेला शांत खोली, दाराजवळची जागा, सूचना तोंडी न देता लेखी देणे, वेळापत्रकातील बदल आदल्या दिवशी कळवणे, अडीअडचणीला एक ठरलेले प्राध्यापक. यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्यात राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. छळ झाला तर 1999 चा राज्याचा रॅगिंगविरोधी कायदा आहे. स्वमग्न मुलाला थट्टा आणि छळ यांतला फरक नेहमी सांगता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी ठरलेले प्रश्न विचारा: कोणाबरोबर बसलास, काय खाल्लेस, कोणी पैसे मागितले काय?

घरची तयारी सुट्टीत सुरू होते. कॉलेज रिकामे असताना मुलाला दोन-चार वेळा नेऊन वर्ग, ग्रंथालय, स्वच्छतागृह दाखवा. रिक्षा, बस किंवा लोकलचा रस्ता आधी सोबत, मग चार पावले मागे राहून करा. आणि अर्जावर सही त्यालाच करू द्या. अठरा वर्षे झाली की काही पालक लगेच पालकत्वाच्या कागदांमागे धावतात. कलम 13 त्याला इतरांसारखीच कायदेशीर क्षमता देते. जिथे मदत लागते तिथे कलम 14 चे मर्यादित पालकत्व आहे. तेही त्याच्याशी बोलून, त्याच्या इच्छेप्रमाणे निर्णय घेण्यासाठी.

अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन स्वमग्न असून विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. पण प्रत्येक मुलाने ग्रँडिन व्हावे ही अट कशाला? साधा बी.ए. होण्याचाही त्याला हक्क आहे, आणि त्यासाठी त्याने असामान्य असण्याची गरज नाही.

आपल्या वस्त्यांत पदवीधर तरुण पुष्कळ आहेत. शेजारच्या अशा एका मुलाबरोबर पहिला महिनाभर कॉलेजच्या फाटकापर्यंत जायला त्यांतला एक तरी पुढे येईल काय? कायदा जागा देतो, सोबत मात्र समाजालाच द्यावी लागेल.