प्रतीकरूप छायाचित्र

विशिष्ट स्थळकाळातील परिस्थितीची नोंद म्हणून घेतलेले. परंतु पुढे त्या मूळ प्रसंगापासून सुटून एखाद्या कालखंडाचे वा मानवी अवस्थेचे प्रतीक म्हणून सर्वत्र ओळखले जाणारे छायाचित्र. ही प्रतिष्ठा केवळ तांत्रिक कौशल्याने किंवा प्रसंगाच्या महत्त्वाने लाभत नाही. तपशिलाचा लोप आणि निर्वेध प्रसार या दोन गोष्टी तिच्या मुळाशी बहुधा आढळतात. डॉरोथिया लँग (१८९५–१९६५) या अमेरिकन छायाचित्रकर्त्रीचे ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित माता, १९३६) हे त्याचे ठळक उदाहरण होय.

महामंदीच्या काळात लँग शासकीय पुनर्वसन विभागासाठी ग्रामीण दैन्याची नोंद करीत होती. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे थंडीने वाटाण्याचे पीक बुडून मजूर बेकार झाले होते. त्यांच्या तळावर तिने बत्तीस वर्षांच्या एका स्त्रीची मुलांसह काही छायाचित्रे घेतली. त्यांपैकी दुरून घेतलेल्या चित्रांत तंबू व सामानसुमान दिसते. पुरावा म्हणून तीच अधिक मोलाची आहेत. कीर्ती पावलेल्या चित्रात मात्र हे सर्व चौकटीबाहेर गेले आहे. दोन मुलांनी पाठमोरे होऊन आईच्या खांद्यांवर माना टाकल्या आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे आणि गालाशी हात टेकलेल्या आईची दृष्टी दूर कोठेतरी लागली आहे. मेरी व बाल येशू यांच्या चित्रपरंपरेत वाढलेल्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला ही रचना आधीच परिचित होती. तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा लँगने पुढे निगेटिव्हवर पुसट करविला, तोही रचनेच्या शुद्धतेसाठीच. नोंदीच्या दृष्टीने मात्र ही ढवळाढवळच म्हणावी लागेल.

चित्र शासकीय मालकीचे असल्याने कोणालाही विनामूल्य छापता येई. मार्च १९३६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोतील वृत्तपत्रात लँगची चित्रे झळकताच तळाकडे सु. २०,००० पौंड (सु. ९,००० किग्रॅ.) अन्न धाडण्यात आले, तथापि हे कुटुंब तोवर तेथून निघून गेले होते.

लँगने त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. ती फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्पसन (१९०३–८३) असल्याचे १९७८ मध्ये उघडकीस आले. ती चेरोकी वंशाची होती. त्यामुळे गोऱ्या शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांचे प्रतीक हा चित्राचा रूढ अर्थ डळमळीत झाला. चित्रापासून आपणास कवडीही मिळाली नाही, अशी तिची तक्रार होती. १९८३ मध्ये तिच्या आजारपणात मुलांनी मदतीचे आवाहन केले, तेव्हा या चित्रातील स्त्री म्हणून लोकांनी ३५,००० डॉलरांहून अधिक रक्कम पाठविली. त्याच वर्षी तिचे निधन झाले.